तीनची धार

पोटचा पोरगा गोड बोलायला लागला की खुशाल समजावं, याच्या पोटात काहीतरी नासलंय. एलिओनं त्या सकाळी आईसाठी मोटारीचं दार उघडून धरलं, तिच्या पाठीशी उशी ठेवली आणि वर विचारलं, "आई, ऊन लागत नाही ना डोळ्यांवर?" सकाळचे सात वाजले होते, बाहेर धुकं होतं. बावन्न वर्षांत या पोरानं आईच्या उन्हाची चौकशी केली नव्हती. इदालिना उशीला टेकली नाही. पर्स मांडीवर घेऊन ती ताठ बसली आणि पुढच्या सीटवरच्या त्याच्या मानेकडं बघत राहिली. मान ताजी भादरलेली होती. बूटही नवे. शेणाचा वास नसलेला एलिओ तिनं याआधी फक्त त्याच्या लग्नात हुंगला होता, आणि तेव्हाही जेमतेम.

"आजी, मजा येईल बघ," शेजारी बसलेली नात आलिसा म्हणाली. पोरगी कॉलेजातून सुट्टीवर आली होती. तिची परीक्षा संपली म्हणून ही सहल, असं सांगण्यात आलं होतं. सांगताना सून कॉनी तिच्याकडं न बघता भांडी पुसत होती, आणि भांडी कोरडीच होती.

गस्टीनहून सॅन फ्रान्सिस्को दोन तासांवर. पण समुद्रापलीकडचं बेट सोडून इथं आल्यापासून चाळीस वर्षांत या घराण्यानं ते शहर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा कचेरीच्या कामासाठी. दुभत्या गुरांच्या घरात सहल नसते. पहाटे तीनला धार, दुपारी तीनला धार. गाईला रविवार कळत नाही, नाताळ कळत नाही. इदालिनाचा नवरा जेरमानो पोरीच्या लग्नात केक कापायच्या आधी उठून गेला होता, सुटाखाली रबरी बूट घालून, कारण अडीच वाजले होते. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पाहुणेही तिथूनच आपापल्या गोठ्यांकडं पळाले होते.

आणि आज एलिओ म्हणत होता, "धारेची काळजी करू नकोस, चुई बघेल."

चुई चौदा वर्षांचा जुना गडी, भरवशाचा. पण दोनशे दहा गाई एकट्यानं? इदालिनानं हिशेब मनातच ठेवला. तोंड उघडलं असतं तर पोरगा सावध झाला असता.

तिच्या मनात काय खदखदत होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कालवड. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एलिओ गोठ्यातच छातीला हात लावून खाली बसला, तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर उभं राहून इदालिनानं पवित्र आत्म्याला नवस बोलला होता: या वर्षी जन्मलेल्यांतली सगळ्यात देखणी कालवड, धडधाकट, चार पायांवर चालत तुझ्या सणाला आणीन. पोरगा वाचला. कालवड वाढली. आता सण पाच आठवड्यांवर आला होता. गळ्यात कागदी फुलांची माळ घालून ती मिरवणुकीत चालणार, मग सणाच्या हॉलच्या मागं जाणार, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव पुदिना घातलेलं सूप पावाबरोबर ओरपणार. इदालिना सगळ्या गाईंना नावं द्यायची; लाथ मारणारीला तिनं थोरल्या नणंदेचं नाव दिलं होतं. या कालवडीला मात्र नाव नव्हतं. जे हंड्यात जायचं त्याला नाव देऊ नये.

तीन आठवड्यांपूर्वी जेवताना एलिओनं विचारलं होतं, "आई, नवस जनावराऐवजी पैशानं फेडला तर चालतो का?"

"चालतो की," ती म्हणाली होती. "तू मेला असतास तर तुझ्याऐवजी मीपण चेक घेऊन घरी आले असते."

त्यानं मान बशीत घातली, ती वर काढलीच नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी उठून आधी कालवड बघायची आणि मग कॉफी ठेवायची. आजही बघून आली होती. उभी होती, रवंथ करत. मग सहलीला नाही कशाला म्हणायचं? आज घरी राहिली असती, तर यानं जे करायचं ते उद्या केलं असतं. बरोबर गेलं तर याचं तोंड निदान नजरेसमोर राहील.

शहरात शिरल्यावर एलिओनं त्यांना आधी पूल दाखवला. पूल धुक्यात होता. दोन लाल खांबांची टोकं तेवढी दिसत होती.

"बाकीचा कुठाय?" इदालिनानं विचारलं.

"आहे गं खाली, धुक्यात," आलिसा म्हणाली.

"म्हणजे आहे म्हणायचं आणि मानायचं. बरं. आज सगळंच तसं दिसतंय."

कॉनीनं घाईघाईनं खोकला काढला. एलिओच्या खिशातला फोन गुरगुरला. तो दहा पावलं लांब जाऊन, वाऱ्याकडं पाठ करून बोलला. परत आल्यावर आईनं फक्त भुवई वर केली.

"चुई होता. पाण्याचा पंप कुरकुरतोय म्हणे."

"पंप तू मंगळवारी नवा बसवलास."

"म्हणूनच. नवा आहे ना."

नवा पंप कुरकुरतो आणि जुना पोरगा गोड बोलतो. तिनं तेही मनात ठेवलं.

मग नागमोडी रस्ता. एका उतारावर आठ वळणं, मधे फुलझाडं, आणि मोटारी एकामागं एक मुंगीच्या चालीनं उतरताहेत. दुतर्फा घरं अशी उभी की वरच्या घरातला माणूस शिंकला तर खालच्याच्या चहात पडावं. "असल्या चढावर आमच्या बेटावर बकरी बांधत नाहीत," इदालिना म्हणाली, "आणि इथं लोक पियानो चढवून राहतात." आलिसा हसली. एरवी ही पोरगी हसली की आजीच्या खांद्यावर डोकं टेकायची. आज हसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आजीच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. सकाळपासून नाही.

म्हणजे हिलाही माहीत आहे. म्हणजे तिघांनाही.

इदालिना मनातल्या मनात एकेक शक्यता चिमटीत धरून बघायला लागली. डॉक्टरकडं नेताहेत म्हणावं, तर उपाशीपोटी आणलं असतं. सकाळी कॉनीनं तिला दोन अंडी आग्रहानं वाढली होती. पोरीचं लग्नबिग्न ठरलंय म्हणावं, तर पोरगी लाजली असती. ही तर चोरी केल्यासारखी बसलीय. राहिली कालवड. आपण इथं पूल बघतोय आणि तिकडं कुणीतरी कालवडीला दोरी लावतंय. पण एका कालवडीसाठी सगळं घर शहरात आणायचं? कालवड चोरायची तर एलिओनं म्हातारीला रविवारी चर्चमध्ये मासला सोडलं असतं आणि तासाभरात काम उरकलं असतं. हे त्याहून मोठं काहीतरी होतं, आणि ते काय, हे तिच्या हाताला लागत नव्हतं.

धक्क्यावर समुद्रसिंह पडले होते, लाकडी तराफ्यांवर, एकमेकांच्या अंगावर, भुंकत आणि ढेकर देत.

"जेवणानंतरचे आपल्या हॉलचे पंच," इदालिना म्हणाली. "तो मधला हुबेहूब खजिनदार."

एलिओ मोठ्यानं हसला. गरजेपेक्षा दोन श्वास जास्त हसला. त्यानं आईसाठी टोपी घेतली, नातीसाठी खेकड्याचं चित्र असलेला सदरा. मग धक्क्यावरच्या खाणावळीत नेऊन त्यानं सगळ्यांसाठी सूप मागवलं. ते आलं कोरलेल्या पावाच्या पोटात.

"यांच्याकडं बशा नाहीत?"

"अशीच पद्धत आहे इथं, आई," कॉनी म्हणाली. "खाऊन तर बघा. बरं लागतं."

"आपण पाव सुपात घालतो, हे सूप पावात घालतात. उलट्या काळजाची माणसं." पण खाल्लं तिनं. फुकट जायला नको.

भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळ तिला वाचता येत होतं. अक्षरांपेक्षा ते तिला आधी आलं. बारा वाजून दहा मिनिटं. सव्वाबाराला निघालं नाही तर अडीचपर्यंत घर गाठता येत नाही, आणि अडीचला गाईंचे सड धुवायला लागलं नाही तर तीनची धार चुकते. ती एलिओकडं बघत राहिली. या पोराची एक सवय होती, त्याच्या बापाची होती तीच: कुठंही असो, बारानंतर त्याचा गुडघा टेबलाखाली हलायला लागायचा. मयताला बसला असला तरी.

सव्वाबारा झाले. गुडघा हलला नाही.

साडेबारा झाले. एलिओनं वाढपिणीला हाक मारून गोड काय आहे विचारलं.

एरवी इदालिनाला एवढं पुरलं असतं. पण तिला खात्री करून घ्यायची होती. तिनं चमचा खाली ठेवला आणि पोटरी चोळली.

"एलिओ, पाय फार ठणकतोय रे. चल, घरी जाऊ."

पाय ठणकला की आपली आई सांगत नाही, हे याला माहीत होतं. एरवी ती असं म्हणाली असती तर हा उठून मोटार दाराशी घेऊन आला असता. आता त्याचा चेहरा पावासारखा पांढरा पडला.

"जाऊ की. जाऊ. फक्त एक टेकडी राहिलीय, ट्विन पीक्स. वरून सगळं शहर दिसतं. तुला चालायला नाही लागणार, मोटार वरपर्यंत जाते. आता कुठं धुकं निघालंय, आई."

"आता निघालो तर कधी पोचू?"

"इतक्यात कशाला. चारपर्यंत... म्हणजे रहदारी असते ना या वेळेला."

दुभत्या गुरांचा मालक चारचं नाव घेत होता. बेट सोडून आल्यापासून या घरात चार वाजता कुणी मोकळं नव्हतं. माणूस पंपाबद्दल खोटं बोलेल, परीक्षेबद्दल बोलेल, बायको-पोरीला पढवून ठेवेल. पण घाई नसेल तर ती आणणार कुठून? एलिओनं सगळं लपवलं, आणि घाईचं सोंग तेवढं आणायला विसरला.

तिनं पर्स उचलली. टेकडी चढेपर्यंत ती मागून त्याच्या मानेकडंच बघत राहिली.

वर वारा असा होता की कॉनीनं स्कार्फ दातात धरला. धुकं खरंच निघालं होतं. खाली सगळं शहर उताराउतारांवर सांडलेलं, त्यापलीकडं खाडी, आणि पुलाचा तो सकाळी मानून घेतलेला बाकीचा भागही जागेवर होता. परगावचे लोक पाठ करून फोटो काढत होते. इदालिना कठड्याशी गेली आणि शहराकडं पाठ करून उभी राहिली.

"एलिओ, दीड वाजला."

"हो आई."

"तीनची धार कोण काढणार?"

त्यानं आपल्या नव्या बुटांकडं बघितलं.

"चुई काढणार, हे परत म्हणू नकोस. चुईला दोनच हात आहेत, मी मोजलेत."

"बाबा, सांगून टाक ना," आलिसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी म्हटलं होतं तुला, आजीला कळेल."

एलिओनं कठड्याला धरलं. "धार नाहीये आज, आई. पहाटेची शेवटची होती. गुरं विकली. आयडाहोच्या एका माणसानं सगळी घेतली. नऊपासून ट्रक येणार होते, सात. म्हटलं, तू घरी नसावंस तेव्हा. तुला बघवलं नसतं."

 दोनशे दहा. कितीजणींना तिनं अंगठा चोखायला देऊन बादलीतलं दूध प्यायला शिकवलं होतं. पण पहिला प्रश्न तिच्या तोंडून गाईंबद्दल आला नाही.

"कालवडी?"

"त्यापण."

"माझी?"

"तो म्हणाला, कालवडी सगळ्या हव्यात नाहीतर काहीच नको. आई, मी हॉलला दुप्पट पैसे देणार आहे. पंचांशी बोललोय मी..."

"चुईला फोन लाव."

"आई, आता..."

"लाव."

चुई त्याच्या भाषेत बोलायचा, ती तिच्या. चौदा वर्षांत दोघांचं कधी अडलं नव्हतं. सहा ट्रक गेले, चुईनं सांगितलं. सातव्यात कालवडी चढवून झाल्यात. नवसाची? ती आत, पार पुढं. ड्रायव्हर फळी उचलायलाच लागलाय.

"त्याला दे फोन."

खरखर झाली, मग एक तरणा आवाज आला, इंग्रजीत. "कोण बोलतंय?"

"जिच्या गोठ्यात उभा आहेस ती," इदालिना तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तू कोण?"

"ब्रायन. बाई, मला उशीर होतोय."

"ब्रायन कुणाचा?"

"अं? ब्रायन सिल्वेरा."

"कुठल्या सिल्वेऱ्यांचा? न्यूमनच्या की लॉस बान्योसच्या?"

"न्यूमन."

"आजीचं नाव काय?"

 मग आवाज जरा नरमला. "आल्झिरा."

इदालिना लगेच बेटाच्या भाषेवर आली. "आल्झिराचा नातू. मग तुला समजतं मी काय बोलतेय ते. तुझी आजी दर सणाला माझ्याशेजारी बसून कांदे चिरते. तुझ्या ट्रकात एक कालवड आहे ती पवित्र आत्म्याची आहे. ती खाली उतरव."

"बाई, माझ्याकडं यादी आहे. बेचाळीस. एक्केचाळीस पोचवल्या तर जाब मला."

"यादीत लिही, एक देवाची निघाली."

"असा रकाना नसतो, बाई."

"मग मेली म्हणून लिही. पाच आठवड्यांनी खरं होईल."

पलीकडं हसू दाबल्याचा आवाज आला. "ती पार आत आहे. काढायची तर मधल्या सगळ्या उतरवाव्या लागतील."

"उतरव. फळी आहे, चुई आहे, तुला देवानं दोन पाय दिलेत. आणि ब्रायन, नाही उतरवलीस तर रविवारी मासनंतर मी आल्झिराशेजारी बसणार आहे. मला काही घाई नसेल. आमच्याकडं आता धार नसते."

शेवटचं वाक्य एलिओला लागलं. तो कठड्यावर वाकला.

"कुठली ती?" ब्रायननं विचारलं. "सगळ्या काळ्या-पांढऱ्या आहेत."

"कपाळावर ठिपका, मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. ढकललीस की चालायच्या आधी वळून तुझ्याकडं बघेल. मी बघायला शिकवलंय."

मग वाट बघणं आलं. फोन तिनं कानाला लावून ठेवला होता. फळीवरचे खूर ऐकू येत होते, चुईच्या शिट्ट्या, कुणाचं तरी हंबरणं. एक जोडपं येऊन म्हणालं, आमचा फोटो काढाल का; आलिसानं नाक पुसत तो काढला. एलिओ जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आयडाहोवाला ऐकायचा नाही, आई. सौदा मोडेल."

"त्याच्याशी तू बोल. गोड बोलायला आता चांगलं येतं तुला."

सतरा मिनिटांनी चुई फोनवर आला. उतरली, म्हणाला. गव्हाणीशी उभी आहे, एकटीच, म्हणून ओरडतेय. इदालिनानं त्याला गवत टाक म्हणून सांगितलं आणि रात्रीपुरतं बादलीभर पाणी जवळ ठेव म्हणून सांगितलं. मग फोन पोराच्या हातात दिला.

ती कठड्यावर बसली. पाय आता खरंच ठणकत होता. गोठ्यात कुणीच नाही, हे तिला अजून डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. मनात ती लाथाडी नणंद अजून तिच्या जागेवर उभी होती, शेपूट हलवत. कॉनीनं पुढं होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो राहू दिला.

"आई," एलिओ म्हणाला, "माझ्या छातीचं तुला माहीत आहे. आलिसा काही गोठ्यात येणार नाही. दुधाला भाव नाही. मी काय करायला पाहिजे होतं?"

इदालिनानं त्याच्याकडं वर बघितलं. ताजी भादरलेली मान वाऱ्यानं लाल झाली होती, आणि डोळे त्याहून लाल.

"गुरं विकलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी हे मागच्याच वर्षी सांगितलं असतं. तुझ्या बापानं बेटावरची सात गुरं विकली तेव्हा प्रत्येकीला स्वतः दोरी धरून बोटीपर्यंत नेलं, आणि गावानं बघितलं. तू दोनशे जनावरं परक्यांच्या हाती ट्रकात चढवलीस आणि इथं येऊन मला पूल दाखवलास. मला बघवलं नसतं म्हणे. मला बघवलं असतं. तुला बघवणार नव्हतं, म्हणून तू पळालास, आणि पळताना आईला पदर म्हणून तोंडावर धरलंस. वर देवाला पैसे दाखवलेस, आणि तेही तुझ्याच जिवाबद्दल. हे मी विसरणार नाही, तूही विसरायचं नाहीस. आता सणाच्या दिवशी त्या कालवडीची दोरी तू धरायचीस. अख्ख्या रस्त्यानं, हॉलच्या मागच्या दारापर्यंत. आणि वाटेत कुणी विचारलं, एलिओ, तुझी बाकीची गुरं कुठं गेली, तर थांबून, तोंड वर करून, तूच सांगायचंस. माझ्याकडं बोट दाखवायचं नाही."